नऊ फुटांची ओल

खाडीच्या पुलाखाली पाणी किती चढलंय, ते खांबावरचे आकडे बघून होडीवाल्यांना सांगायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी आळसापोटी त्याने जागचं न हलता ‘सात फूट’ असं ठोकून दिलं. पाणी होतं नऊ. दादाची होडी तुळईखाली अडकून उलटली, दादा गेला.

तेव्हापासून भर ओहोटीतही तो खांब नऊ फुटांपर्यंत ओलागच्च असतो.

आज दुपारी उघड्या चिखलात उभा राहून तो खांब फडक्याने पुसत होता. पुलावरून वहिनीने विचारलं, “भावोजी, खरं सांगा, त्या दिवशी पाणी किती होतं?”

खरं ओठांवर आलं, पण जीभ वळली नाही. “सातच, वहिनी.”

“काय?” ती कठड्यावरून वाकली. “अहो, पाण्याखालून काय बोलताय? आधी वर या!”