डोहराणीवर सही

मगदूमांच्या छापखान्यातून एकेचाळीस वर्षांत हिंसेचं एक अक्षरही बाहेर पडलेलं नाही. मटणाच्या खानावळीचं मेनूकार्ड नाही, फटाक्यांची जाहिरात नाही, उंदीर मारायच्या गोळ्यांचं लेबलसुद्धा नाही. निवडणुकीची पत्रकं छापतात, पण ती समाजकार्यात धरतात.

त्यामुळे सोमवारी सकाळी धरणेंद्रअण्णांनी प्रूफवर सही न करता पेन खिशाला परत लावलं, तेव्हा सांगलीच्या त्या छापखान्यात कुणालाच नवल वाटलं नाही. एक सून सोडून.

प्रूफ तिचंच होतं. पुण्याची एक कंपनी पत्त्यांचा खेळ काढते. राक्षस, जादूगार, गड, शापित तलवारी. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापले पत्ते पटावर मांडायचे आणि दुसऱ्याचे मारायचे. त्या खेळात भर घालणारा साठ पत्त्यांचा नवा संच, ‘कृष्णेचा डोह’, प्रियदर्शनीनं एकटीनं रचला होता. तीन वर्षं दुसऱ्यांच्या संचांतल्या चुका दुरुस्त केल्यावर पहिल्यांदा खोक्यावर तिचं नाव येणार होतं. रविवारी पाचगणीच्या मेळाव्यात संच बाहेर पडायचा होता. नाही पोचला, तर त्या जागी दुसऱ्याचा संच तयारच होता.

अडलं ते डोहराणीपाशी. डोहराणी म्हणजे संचाचा जीव. शेवाळी मुकुट घातलेली अजस्र मगर. पटावर आली की समोरच्याचे सगळे पत्ते गिळते. प्रियदर्शनीचं माहेर कवठे महांकाळ. तिथं मगर सोडाच, बेडूकही टँकरमधून यायचे. लग्नानंतर कृष्णेच्या घाटावरून तिनं पहिली मगर पाहिली, ती डोक्यातून गेलीच नाही.

“सगळे गिळते?” अण्णांनी विचारलं.

“सगळे.”

“नमुन्याचे पत्ते दे. निम्मे मी बघतो, निम्मे तुझी सासू बघंल. मग ठरवू.”

मंगळवारी जेवताना अण्णांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली. त्या घरात ताटात काही ठेवत नाहीत.

“एकेक करून उभं केलेलं, आणि एका घासात सगळं साफ,” ते म्हणाले. “काही मर्यादा?”

“खेळ आहे, अण्णा.”

“ज्याचं जातंय त्याला विचार, खेळ हाय का.”

प्रियदर्शनीनं नवऱ्याकडे बघितलं. आर्जव ताकात मीठ विरघळतंय का ते बघत होता. हळदीच्या सौद्यात दिवसभर घसा फोडणारा हा माणूस वडिलांपुढं फक्त पाणी मागतो.

बुधवारी दुपारी सासू-सासऱ्यांच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. आतून अण्णांचा आवाज आला. “अन्याय हाय हा! सरळ सरळ अन्याय!” मग सासूबाईंचा शांत, समजुतीचा आवाज. आणि मग पुन्हा अण्णा, खचल्यासारखे: “आता काय उरलं माझ्याकडं?”

दाराबाहेर प्रियदर्शनी चहा घेऊन उभी होती. चहा तिनं तसाच परत नेला.

“आई,” संध्याकाळी ती म्हणाली, “माझ्यापायी तुम्हाला रोज ऐकून घ्यावं लागतंय.”

गुणमालाबाई शेंगा सोलत होत्या. “मला कसला तरास? त्यांचं त्यांना होतंय. मी निवांत हाय.”

“त्यांना पटेल का कधी?”

“न्हाई पटायचं. पण तू काही बदलू नकोस हां. लय गुणाची हाय तुझी मगर.”

सासूच्या या आधारानं प्रियदर्शनीला रडू आलं. ती शेंगा सोलायला बसली.

गुरुवारी छापखान्यातून गुंडाचा फोन आला. मशीन त्याच्याकडे असतं. “वैनी, मशीन मोकळं हाय. साखर कारखान्याचा अहवाल घालू का वर? उद्या दुपारपातुर सही न्हाई झाली तर पाचगणी इसरा.”

दुसरीकडे छापायचं म्हटलं तर तीन आठवडे. शिवाय त्यानंतर याच घरात जेवायचं.

तेवढ्यात अण्णाच आले. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“एकच विचारतो. हिच्यापासून सुटका न्हाईच? काही उपाय, काही तोड?”

“नाही अण्णा. तसंच रचलंय.”

“तुझं मन तरी कसं धजावलं गं, पोरी?”

ते ओरडले असते तर तिनं तोंड दिलं असतं. ते हळू बोलले. तासाभरानं तिनं पुण्याला फोन केला.

“डोहराणी बदललीय. आता ती समोरच्या एका पत्त्याकडे रोखून बघते आणि पाण्यात परत जाते.”

“आणि?” पलीकडच्या मुलीनं विचारलं.

“आणि काही नाही.”

“मॅम, अख्खा संच तिच्या जिवावर उभा आहे.”

“माहितीये.”

शुक्रवारी सकाळी नवं प्रूफ अण्णांपुढं गेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

“नुसती बघते?”

“हो.”

“कुणाचं काही नेत न्हाई?”

“नाही.”

“शहाणी गं माझी पोर!” सही इतक्या जोरात केली, की निबानं कागद फाटला. “गुंडा, लाव मशीन!”

प्रियदर्शनी बाहेर येऊन कागदाच्या रिमांवर बसली. निदान म्हाताऱ्या माणसाच्या श्रद्धेला आपण धक्का लावला नाही, असं तिनं स्वतःला दोनदा सांगून बघितलं. मशीन सुरू झालं.

पहिल्याच तावातून अण्णांनी डोहराणी कात्रीनं कापून घेतली आणि चपला न घालताच अंगण ओलांडून घराकडे धावले.

“गुणमाला! मांड पट! नियम बदललाय!”

चार दिवसांत ते बायकोकडून सत्तावीस डाव हरले होते.