अकराची गोळी

ॲम्प्लिफायर तिसऱ्यांदा टेबलावर आला तेव्हा कानसेनांनी नुसता चष्मा पुसला.

"काका, अजून टोचतोय," गिटारवाला म्हणाला. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांखाली रात्रीची जागरणं. "ट्रेबलचं बटण शून्यावर आणलं तरी कानात सुई घातल्यासारखा. काल हॉटेलच्या मॅनेजरने सगळ्यांदेखत सांगितलं, हा डबा पुन्हा आणणार असशील तर तूही येऊ नकोस. आज सातला वाजवायचंय मला."

"टोचायचं कारणच नाही."

कानसेनांनी मागचे स्क्रू काढले. चाळीस वर्षांपूर्वीचा, ट्रान्झिस्टरवाला डबा. कोपरे झिजलेले, आतली तार न् तार ओळखीची झालेली. त्यांनी एकेका जागी मीटर टेकवून पाहिला. आकडे जिथल्या तिथे होते.

"मीटर खोटं बोलत नाही."

"मीटर हॉटेलात जेवायला बसत नाही, काका."

पहिल्यांदा डबा आला तो फक्त खरखर होते म्हणून. बटण साफ केलं, दहा मिनिटांत काम झालं. पण मग ऐकताना त्यांना आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आवाजाची धार मऊ करणारा जुना कपॅसिटर काढून त्या जागी लहान बसवला. दुसऱ्या खेपेला त्याहून लहान. मीटर लावायच्या आधी नुसतं ऐकून ते बिघाड सांगत. गल्लीने कानसेन हे नाव काही उगीच ठेवलं नव्हतं.

"वाजवा," ते म्हणाले.

गिटारवाल्याने सगळ्यात बारीक तार छेडली आणि स्वतःच मान आखडून घेतली. पडद्याआड स्वयंपाकघरात चाललेला विळीचा आवाज थांबला.

कानसेन स्पीकरजवळ वाकले. "छे! उलट बसकाच आहे. अजून थोडा उघडायला हवा."

"काका..."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. पुन्हा वाजवा."

"काका, तुमचं घड्याळ वाजतंय."

"काय?"

"मनगटावरचं. केव्हाचं वाजतंय."

कानसेनांनी मनगट वळवलं. अकरा वाजले होते. आकड्यांशेजारी घंटेचं चिन्ह उघडझाप करत होतं. त्यांनी घड्याळ उजव्या कानाशी नेलं. मग डाव्या.

पडदा सरकला. एका तळहातावर रक्तदाबाची गोळी, दुसऱ्या हातात पेला, अशी बायको रोजच्यासारखी आली. गोळी न् पेला त्यांच्या हातात दिला आणि रोजच्यासारखंच, जाता जाता अंगठ्याने घड्याळाचं बटण दाबलं.

"हां, झालं बंद," गिटारवाला म्हणाला.

गेल्या खेपेला याच माणसाला कानसेनांनी कौतुकाने सांगितलं होतं, आमच्याकडे अलार्मला कामच नाही, तो वाजायच्या आत ही गोळी घेऊन हजर.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"गोळी घ्या आधी."

"अगं, कधीपासून बंद करतेस हे?"

"मागच्या उन्हाळ्यापासून." ती पेल्याकडे बघत होती. "पाणी संपवा सगळं."

त्यांनी सगळं पाणी संपवलं. गिटारवाला स्वरात असलेलीच तार उगाच पिळत बसला होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला उगाच त्रास. मी दुसरीकडे दाखवू का?"

"बसा."

कानसेनांनी खणातून एक पाकीट काढलं. काढलेला भाग गिऱ्हाईक समाधानी होईपर्यंत जपून ठेवायचा, ही त्यांची जुनी शिस्त. पाकिटातला डब्याचा मूळचा कपॅसिटर त्यांनी मीटरला लावला. ठणठणीत. त्याला काहीच झालेलं नव्हतं. त्यांनी स्वतः बसवलेला उपटला आणि जुना परत जागेवर ठेवला. सोल्डरिंगचा धूर डोळ्यांत गेला तरी हात हलला नाही.

"वाजवा."

त्यांच्यापर्यंत पुन्हा तोच गोधडीखालचा आवाज आला. हात आपोआप ट्रेबलच्या बटणाकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

बायको रिकामा पेला घेऊन पडद्यापाशी पोचली होती.

"अगं, थांब. इथे समोर उभी राहा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नकोच आहे. नुसती उभी राहा."

"गॅसवर भाजी आहे."

"करपली तर करपलेली खाईन."

"बघा हं, मग नावं ठेवायची नाहीत," ती म्हणाली, आणि पेला पोटाशी धरून उभी राहिली.

कानसेनांनी खुर्ची फिरवली. ॲम्प्लिफायरकडे पाठ केली आणि हात मागे नेऊन बटण धरलं. गिटारवाला बारीक तार छेडत राहिला. कानसेनांनी बटण पार टोकाला नेलं. तिच्या दोन भुवयांमध्ये एक आठी उठली, खोल. त्यांनी बटण मागे घेतलं, अगदी कणाकणाने. आठी उथळ झाली. आणखी थोडं मागे. एका जागी तिचं कपाळ सपाट झालं, आणि पेला धरलेली बोटं सैल पडली.

ते तिथेच थांबले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी तिच्यापुढे धरली.

"माझं बोट आहे तिथे खूण कर."

तिने वाकून रेघ मारली. गिटारवाला डोळे मिटून अजून तीच तार वाजवत होता.

"आता पुढची तार," कानसेन त्याला म्हणाले. पण पाहत होते तिच्याकडेच.