घरच्यांना सोपा प्रश्न

सोमेशला एका दिवसात एकशे सेहेचाळीस मेल आले होते. त्यांतले कामाचे तीन. वैतागून त्यानं नांदेडच्या खोलीवर लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर बसवलं. अनोळखी पत्त्यावरून मेल आला की ते आधी एक प्रश्न विचारायचं आणि उत्तर बरोबर आलं तरच मेल आत सोडायचं. प्रश्न सोमेशनंच ठरवला: ‘माझ्या वडिलांचं नाव काय?’ घरच्यांना सोपा, जाहिरातवाल्यांना अशक्य.

महिन्याभरानं त्यानं रेणापूरला फोन लावला. अप्पा वारल्यापासून आई तिथं एकटीच राहायची.

“लातूरला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आले बघ,” उमाबाई म्हणाल्या. “शेजारची मनतशा होती संगं.”

“आई, मला कळवायचं तरी.”

“फोन करू नको, कामात असतो, मेल कर, असं तूच म्हणला होतास की. मनतशाकडून शिकून घेतलं अन् केला. पण तुझं ते यंत्र लई हट्टी हाय रे, आत घेतच न्हाई.”

सोमेशनं मान खाली घालून लॅपटॉप उघडला. अडवलेल्या मेलमध्ये त्याच्या प्रश्नाखाली आईची उत्तरं होती: ‘सोमेशचे अप्पा’. ‘आमचे मालक’. ‘घरधनी’. आणि शेवटचं, ‘लेकरा, बाईनं नवऱ्याचं नाव कसं घ्यावं?’

त्याखाली सॉफ्टवेअरनं नोंदवलं होतं:


प्रयत्न चार. बरोबर उत्तरं शून्य.