चिंध्यांची माळ

प्रदर्शनासाठी दागिन्यांचे नवे डिझायनर शोधत मी महिनाभर वणवण फिरत होते. सोलापूरच्या कॉलेजात चाळीस फायली चाळल्या. सगळीकडे तेच मोर, तीच कमळं. वैतागून बाहेर चहाला थांबले. शेजारच्या गणवेशाच्या कारखान्याला जेवणाची सुट्टी झाली होती.

कट्ट्यावर डबा खाणाऱ्या एका बाईच्या गळ्यात खाकी, मरून, निळ्या चिंध्या घट्ट वळून केलेल्या मण्यांची माळ होती. मध्येमध्ये शर्टाची बटणं. मी चहा तसाच टाकून धावले.

"ही कुणी केली?"

"मीच." ती चाचरली. "खाली पडल्याल्या चिंध्या हायत ओ बाई. झाडूनच टाकत्यात."

मी घाईघाईनं वही काढली. "नाव सांगा तुमचं, पटकन."

"सुगंधा कोळेकर." मी पुढं काही सांगायच्या आत तिनं माळ काढून माझ्या हातात कोंबली. "मालकाला सांगू नका," म्हणाली आणि अर्धा डबा टाकून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी माळ घेऊन पुन्हा गेले. वॉचमन म्हणाला, या नावाची बाई इथं नाहीच. तेवढ्यात सुट्टी झाली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईनं मला बघताच पदर गळ्याभोवती लपेटून घेतला.