डोळ्यांच्या रेषेत

"जुन्या कीबोर्डवर सावकाश टाइप कर, अक्का," शेजारीण कानाशी लागून म्हणाली. "मधेच मनगट दाबून धर. फरक दिसल्याशिवाय साहेब नव्याला हो म्हणायचे नाहीत."

खोलीत आठजणी होत्या. दिवसभर कानाला हेडफोन लावून, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे अहवाल टाइप करायच्या. वयानं सगळ्यांत मोठी म्हणून ती अक्का. शेजारीण घराशेजारची नव्हे, खुर्चीशेजारची. चौदा वर्षं दोघींच्या कोपरांत वीतभर अंतर. चहाचा कप अक्काला कोणत्या हातानं उचलवत नाही, हे तिच्या नवऱ्याच्या आधी शेजारणीला कळलं होतं.

दुकानातून आलेल्या माणसानं तीन नवे कीबोर्ड आणि एक उंच स्क्रीन टेबलावर मांडला होता. "स्क्रीन हातभर लांब ठेवायचा," तो सांगत होता, "आणि वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत. त्याच्यावर गेला की मान गेलीच समजा."

निवडायला सगळ्यांनी अक्कालाच पुढे केलं. तिनं डोळे मिटून एकेकावर बोटं फिरवली. पहिला कडकड वाजला. दुसऱ्यावर मनगट वाकडं झालं. तिसरा बसका होता, कळा दाबल्या तरी हूं की चूं नाही.

"हा," ती म्हणाली. "यावर बोटं आपटत नाहीत, टेकतात."

बाकीच्या सातजणींनी हात लावूनही पाहिला नाही. अक्काचे हात म्हणतायत ना, मग झालं.

साहेबांचा नियम असा होता: प्रत्येकीनं एक पान जुन्यावर, एक नव्यावर टाइप करायचं, घड्याळ शेजारी बसणारीनं बघायचं आणि कागदावर दोघींनी सही करायची.

अक्काला सावकाश टाइप करणं जमेना. बोटं आपली पुढे पळायची, ती त्यांना मागे ओढायची. तिसऱ्या ओळीला ती थांबली, मनगट धरलं, "आई गं" म्हणाली. चौदा वर्षांत कामावर केलेलं तिचं हे पहिलं नाटक. कान तापले.

"फक्कड!" शेजारीण पुटपुटली आणि कागदावर लिहिलं, बारा मिनिटं. एरवी अक्काचं पान पाचात उरकायचं.

मग शेजारीण बसली. जुन्या कीबोर्डवर तिनं नुसता धुरळा उडवला. सहा मिनिटं.

"अगं, आणि तुझं नाटक?"

"माझं कुठे मनगट दुखतंय? दुखणारीनं दाखवायचं. मी कशाला खोटं बोलू?"

तेही बरोबरच होतं. नव्यावरचीही पानं झाली आणि अक्कानं सही केली.

चहा झाल्यावर साहेब कागद घेऊन आले. निम्मं टायपिंग आता यंत्रच करणार होतं, त्यामुळे नवे संच चारच मागवायचे होते. चौघींनी टायपिंग करायचं, चौघींनी समोरच्या टेबलावर फायली लावायच्या. त्यांनी टायपिंगच्या चौघी वाचून दाखवल्या. चौथी शेजारीण होती.

"अक्का, मला वाईट वाटतंय," साहेब म्हणाले, "पण बारा मिनिटं म्हणजे फारच झालं."

"साहेब, ते जुन्या कीबोर्डवर!"

"जुन्यावरचंच धरलंय. नव्यावर सगळ्याच अडखळणार, त्यात काय मोजायचं?" त्यांनी चष्मा काढला. "कालच मी तुमच्या शेजारणीला म्हटलं होतं, सगळ्यांना सांगून ठेवा, जुन्यावर जोर लावा म्हणावं. तिनं सांगितलं नाही?"

"आम्हाला तर सांगि…" दारापाशी बसणारी बोलायला गेली, आणि शेजारणीकडे बघून गप्प झाली.

अक्कानं तोंड उघडलं. खरं सांगायचं, तर नाटक केलं हे सांगावं लागणार. आणि कागदावर सही तिचीच.

तिनं हेडफोन काढून ठेवला. मनगटाखाली घ्यायची, घरी शिवलेली मोहरी भरलेली पट्टी उचलली आणि समोरच्या टेबलाशी जाऊन बसली. फायलींचा गठ्ठा पुढ्यात होता. तिनं त्याची दोरी सोडली नाही.

नमुन्याचा संच ठेवून जायचा होता, म्हणून दुकानाच्या माणसानं तो शेजारणीच्या टेबलावर बसवायला घेतला. अक्कानं निवडलेला कीबोर्ड ठेवला, उंच स्क्रीन जोडला, खाली वाकून अंदाज घेतला. स्क्रीनच्या वरच्या काठावरून शेजारणीचे डोळे तेवढे दिसत होते. ते अक्काच्या डोळ्यांना येऊन भिडले.

"बरोबर बसला बघा," माणूस म्हणाला.

"थोडा वर घ्या," शेजारीण म्हणाली.

त्यानं वर घेतला. डोळे गेले.

"आणखी."

कपाळ गेलं.

"ताई, मघाशी मी सांगितलं ना, डोळ्यांच्या रेषेत…"

"तुम्ही घ्या हो वर!"

केसांचा भांगही गेला. आता समोर स्क्रीनची काळी पाठ तेवढी राहिली.

अक्का कान देऊन बसली. शेजारीण चिडलीय की खुशीत आहे, की घरी काही बिनसलंय, हे तिच्या कळांच्या आवाजावरून अक्काला न बघता कळायचं. पण तो कीबोर्ड अक्कानंच निवडलेला होता. काही ऐकू येईना.

"इतका वर नको गं," ती त्या काळ्या पाठीला म्हणाली. "मान दुखेल."