आठवा खिळा

शाळेत पहिलं येणाऱ्याला मिळणारे फुलांचे मुकुट. थोरल्या सोरिनाचे असे सात भिंतीवर सुकत होते, आठवा खिळा रिकामाच होता. आई धाकट्या इलिंकाला उठता-बसता ऐकवायची, "तिच्या नखाची तरी सर आहे का गं तुला?"

इलिंकानं अभ्यासाचं नावच टाकलं होतं. पण यंदा आठवीत ती इरेला पेटली आणि चक्क पहिली आली. डोक्यावरचा मुकुट सांभाळत धावतच घरी पोहोचली.

"आई, खिळा रिकामा आहे ना? हा घे!"

आईचे डोळे भरून आले. तिनं अलगद मुकुट उतरवला आणि इलिंकाला घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत गेली.

सोरिनाच्या क्रुसावर तो अडकवत म्हणाली, "घे बाळा, तुझा राहिलेला आठवा."