अनुभवी प्रवाशांची रांग

लेकीचे दिवस भरत आले, म्हणून कपडे शिवणाऱ्या मावशी आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर आल्या. तपासणीसाठी त्या नवख्या प्रवाशांच्या रांगेत उभ्या राहिल्या, तर सुरक्षारक्षक हसून म्हणाला, “मावशी, तुमची रांग पलीकडे, अनुभवी प्रवाशांची.”

“अहो, मी पहिल्यांदाच येतेय!”

“रोज हेच म्हणता.”

थट्टा समजून मावशी पलीकडे गेल्या. पण कुणी न सांगताच त्यांच्या हातांनी चपला, घड्याळ, पिशवी ट्रेमध्ये नीट मांडून ठेवली. घाबरून त्या मागे फिरल्या, पण माणसं पाठीला खेटून उभी होती. कुणीच हलेना.

यंत्रातून ट्रे बाहेर आला, तेव्हा पिशवीतला मोबाइल वाजत होता. लेकीचा फोन होता.

“आई, निघालीस का गं तिथून? बाळ आता चालायला लागलं.”